मागच्या ॲक्सलचं सील पुन्हा पुन्हा गळतंय? नवं सील टाकण्याआधी हे तपासा

"भो, नवं सील टाकं तरी तेल गयस!"

पावसाळा सरत आला की आमच्याकडे हे वाक्य ऐकू येणारच. गाडी बहुतेक जुनी जीप असते. मूळ इंजिन काढून तगडं टर्बो डिझेल बसवलेलं, रुंद टायर, चाकं बाहेर यावीत म्हणून स्पेसर. पालच्या जंगलात, मनुदेवीकडे, नाहीतर तिकडे तोरणमाळला चिखल तुडवून आलेली. मागच्या एका चाकाच्या आतल्या बाजूने काळपट ओघळ, ड्रम माखलेला आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. मिस्तरी सील (शाफ्टभोवती बसणारी, तेल अडवणारी रबरी ओठाची रिंग) बदलून देतो, थोडे दिवस कोरडे जातात आणि पुन्हा तोच ओघळ. मग दोष सीलच्या कंपनीला.

माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा सील निर्दोष असतं. सीलचं काम दोन गोष्टींवर चालतं: त्याच्या ओठात फिरणारा शाफ्ट सरळ, न हलता फिरला पाहिजे आणि मागून तेलाचा दाब नको. यातली एक जरी बिघडली तरी कितीही महागाचं सील टाका, ते गळणारच. म्हणून सीलवर सगळ्यात शेवटी यायचं.

हे लिहिलंय ते सेमी-फ्लोटिंग ॲक्सलसाठी. म्हणजे ज्यात शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. जुन्या जीप, बहुतेक एसयूव्ही आणि छोटे पिकअप या प्रकारातले. ट्रकमध्ये चाकाच्या मधोमध हब बाहेर आलेला दिसतो आणि त्याचे बोल्ट खोलले की चाक न काढता शाफ्ट ओढून घेता येतो, तो फुल-फ्लोटिंग. त्याची गोष्ट वेगळी.

आधी गळतंय ते काय आहे?

ड्रम उघडल्याशिवाय निदान करू नका. आत ओलं दिसलं की सगळे ॲक्सल सील म्हणून मोकळे होतात, पण तिथे तीन गोष्टी गळू शकतात. गिअर ऑइल, म्हणजे आपलं नव्वद नंबर, चिकट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. एकदा नाकात गेला की विसरत नाही. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि ते व्हील सिलिंडरमधून येतं. शंका असली तर थेंबभर पाण्यात टाका: ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, गिअर ऑइल वर तरंगतं. मास्टर सिलिंडरच्या डबीतली ब्रेक ऑइलची पातळी उतरलीय का तेही बघा. तिसरं म्हणजे बेअरिंगचं ग्रीस. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यात कन्नड घाट उतरताना ड्रम तापले की हलकं ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं. ते गुळगुळीत असतं, त्याला गंधकाचा वास नसतो. ग्रीस येत असेल तर सीलपेक्षा ग्रीसच्या दर्जाकडे आणि किती ठासून भरलंय याकडे बघा.

एक सूचना इथेच. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. कॉम्प्रेसरची हवा मारून ड्रमची धूळ उडवायची सवय सोडा, ती थेट फुप्फुसात जाते. पाण्याने ओली करून पुसून काढा.

ब्रीदर, ज्याच्याकडे कोणी बघत नाही

हाऊसिंगच्या, म्हणजे ॲक्सलच्या बाहेरच्या लोखंडी कवचाच्या, वरच्या बाजूला एक बारीक नळी किंवा टोपीवाला निपल असतो. तो ब्रीदर. गाडी चालली की आतलं तेल आणि हवा तापते, फुगते, आणि ती हवा बाहेर जायला ही एवढीच वाट. ती बुजली की हवा दुसरी वाट शोधते आणि सगळ्यात कच्ची वाट सीलची.

किती दाब होतो याचा साधा हिशेब करता येतो. बंद हवा २५ अंशांवरून ९० अंशांवर गेली तर तिचा दाब साधारण पाचवा हिस्सा वाढतो, म्हणजे सुमारे ०.२ बार. ऐकायला कमी वाटतं, पण साधं रबरी सील जवळपास शून्य दाब गृहीत धरून बनवलेलं असतं. मागून सतत दाब आला की त्याचा ओठ शाफ्टवर जास्त आवळला जातो, तापतो, कडक होतो आणि मग कायमचा गळतो. म्हणजे ब्रीदर नंतर साफ केला तरी ते सील कामातून गेलेलंच असतं. उलटं झालं, सील बदललं आणि ब्रीदर तसाच ठेवला, तर नव्या सीलचंही तेच होतं. "पुन्हा पुन्हा" होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

आपल्या भागात ब्रीदर बुजायला वेळ लागत नाही. काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की सिमेंटसारखी बसते. शिवाय उन्हाळ्यात गाडी शेडमध्ये उभी राहिली की कुंभारमाशी कुठलंही बारीक भोक मातीने लिंपून टाकते. चोपड्याकडच्या एका दोस्ताच्या जीपला दोन्ही बाजूंनी गळती होती, दोन्ही चाकांची सीलं नवी. ब्रीदर उघडला तर आत माशीचं घर. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी गळत असेल तर पहिला संशय ब्रीदरवरच घ्या.

तपासायला सोपं आहे. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा, सपाट जागी लावा आणि हाऊसिंगचा तेल भरायचा प्लग हळूहळू ढिला करा. 'फुस्स' आवाज आला तर ब्रीदर बंद आहे. प्लग एकदम काढू नका, तेल गरम असतं.

नदीतून गाडी घालणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. घाट उतरून तापलेला ॲक्सल तापी-गिरणेच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा एकदम आक्रसते आणि आतून ओढ लागते. ब्रीदर बंद असेल तर सीलमधून, उघडा पण खालीच असेल तर ब्रीदरमधून पाणी आत. तेल दुधाळ, करडं दिसलं तर हेच झालंय असं समजा. उपाय स्वस्त आहे: ब्रीदरच्या निपलला तेल सोसणारी रबरी नळी जोडून ती चासीवर, टाकीच्या तोंडाइतक्या उंचीवर न्या आणि टोकाला छोटा फिल्टर लावा. नळीला स्प्रिंगच्या हालचालीएवढी ढील ठेवा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात तुटते.

तेलाची पातळीही याच वेळी बघून घ्या. भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, गाडी सपाटीवर. एका बाजूला जॅक लावून तेल भरलं की पातळी चुकते, आणि गाडी उंच करण्यासाठी स्प्रिंग बदलले असतील तर हाऊसिंगचा कोन बदलून भोकाची जागाही बदललेली असते.

बेअरिंग: एकाच बाजूने गळत असेल तर दोषी बहुधा इथेच

एकाच बाजूने गळतंय आणि ब्रीदर मोकळा आहे, तर बेअरिंगकडे चला.

गाडी जॅकवर घ्या, खाली घोडी लावा. नुसत्या जॅकवर विसंबून चाकाखाली हात घालू नका. मग चाक वरून आणि खालून धरून हलवा. खटखट जाणवली, किंवा चाक आत-बाहेर सरकलं, तर बेअरिंग गेलंय किंवा त्याचा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, जास्त आहे. बेअरिंग ढिलं झालं की शाफ्ट सीलच्या मध्यावरून हटतो, ओठ एका बाजूला दबतो आणि दुसऱ्या बाजूला फट पडते. अशा शाफ्टवर सील टिकणं शक्य नाही.

आवाजावरूनही कळतं. गाडीच्या मागून येणारा घूंघूं आवाज वेगाबरोबर वाढतो का ते बघा. उजवं वळण घेतलं की वजन डाव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला तर डावं बेअरिंग, डाव्या वळणावर वाढला तर उजवं. ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की आवाज बदलतो तो क्राऊन-पिनियनचा, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरचा. रस्ता बदलला की बदलतो तो टायरचा. धुळे-जळगाव हमरस्त्यावरून गावच्या खडबडीत डांबरावर उतरलात आणि आवाजाचा सूर बदलला, तर बेअरिंगचा नाद सोडा.

आता मूळ मुद्दा. मूळ गाडीत चाकाचा मध्य बेअरिंगच्या जवळ पडेल असा रिम बनवलेला असतो. आपण ३० मिलिमीटरचा स्पेसर घालतो. मागच्या चाकावर ५०० किलो भार धरला तर नुसत्या उभ्या गाडीतच शाफ्टला आणि बेअरिंगला सुमारे १५० न्यूटन-मीटर जादा वाकवणारा जोर आला. वळणावर तर टायरला जमिनीपाशी आडवा जोर लागतो आणि तो टायरच्या त्रिज्येएवढ्या लांबीने शाफ्टवर येतो. २९ इंची टायर काढून ३३ इंची घातला की तो जोर जवळपास १४ टक्के वाढला. वर इंजिनचा जादा टॉर्क आहेच. मूळ बेअरिंगच्या हिशेबात हे काहीच धरलेलं नव्हतं. स्पेसर घालून सील गळतं म्हणून रडणाऱ्यांना मी आधी स्पेसर काढायला सांगतो. कोणी ऐकत नाही ते वेगळं. (इंजिन बदललं असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का तेही बघा, नाहीतर सीलपेक्षा मोठा खर्च आरटीओत होईल.)

बेअरिंगचे दोन प्रकार ओळखा. काही ॲक्सलमध्ये शाफ्टवर बंद बॉल बेअरिंग प्रेसने बसवलेलं असतं, त्याच्यामागे एक लोखंडी रिंग ठोकलेली आणि पुढे चार बोल्टची रिटेनर प्लेट. अमेरिकेतल्या मसल कारवाल्यांचा लाडका फोर्ड ९ इंची ॲक्सलही याच पद्धतीचा. दुसरा प्रकार टेपर रोलर बेअरिंगचा, जुन्या डाना ४४ घराण्यातल्या जीपच्या ॲक्सलसारखा. त्यात प्ले शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, घालून ठरवतात. तो असतो मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या आणि डायल गेजने मोजा, अंदाजाने नको. या ॲक्सलमध्ये दोन्ही शाफ्टच्या टोकांमध्ये एक ठोकळा असतो, त्यामुळे एका बाजूची शिम बदलली की दुसऱ्या बाजूचाही प्ले बदलतो. हे माहीत नसलेला मिस्तरी उजवीकडे दुरुस्ती करून डावीकडे बिघाड करून ठेवतो.

याच प्रकारात आणखी एक घोळ नेहमी दिसतो. टेपर बेअरिंग ग्रीसवर चालतं आणि त्याला दोन सीलं असतात. आतलं सील हाऊसिंगच्या नळीत, ते गिअर ऑइलला बेअरिंगपर्यंत येऊ देत नाही. बाहेरचं ग्रीस धरून ठेवतं. गळती बाहेर दिसते म्हणून बाहेरचं सील बदललं जातं. आतलं तसंच. मग गिअर ऑइल आतून येतं, बेअरिंगचं ग्रीस धुऊन नेतं आणि बाहेरच्या नव्या सीलवर येऊन थांबतं, ते फार दिवस थांबत नाही. दोन्ही सीलं एकदमच बदला. बॉल बेअरिंगच्या ॲक्सलमध्येही आतल्या सीलमधून आलेल्या तेलाने ग्रीस धुतलं जातं, म्हणून जास्त दिवस तेलात भिजलेलं बेअरिंग हाताला बरं वाटलं तरी परत बसवू नका.

बेअरिंग काढताना त्या लोखंडी रिंगवर गॅस मारायचा मोह होतो. मारू नका, शाफ्टचा कडकपणा जातो. रिंगमध्ये ड्रिलने अर्धवट भोक पाडा, शाफ्टला लागणार नाही एवढं, आणि छन्नीच्या घावाने तडकवा. नवी रिंग तापवून, बेअरिंग गार झाल्यावर, सरकवा. जुनी रिंग पुन्हा कधीच वापरायची नाही, ती निसटली तर चाक शाफ्टसकट बाहेर येतं. प्रेसवर जोर फक्त बेअरिंगच्या आतल्या रेसवर, म्हणजे आतल्या कड्यावर, यावा. आणि हो, बेअरिंग प्रेस करण्याआधी रिटेनर प्लेट शाफ्टवर घातलीय का ते बघा. ती राहिली की नवं बेअरिंग, नवी रिंग सगळं कापून पुन्हा सुरुवात. लेथवाल्याकडे गर्दी असली की हे हमखास होतं.

शाफ्टवर नख फिरवा

सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे शाफ्टवर चकचकीत पट्टा असतो. नख आडवं फिरवा. नख अडलं तर खाच पडलीय. त्या खाचेत नवं सील पहिल्या दिवसापासून अर्धवट टेकणार.

तीन वाटा आहेत. हाऊसिंगमध्ये जागा असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर कमी खोल बसवायचं, म्हणजे ओठ नव्या जागी टेकतो. एरवी मला आवडते ती पातळ स्टीलची रिपेअर स्लीव्ह. ती शाफ्टवर ठोकून बसवतात आणि तिची जाडी इतकी कमी असते की त्याच मापाचं सील चालतं. तिसरी वाट शाफ्ट बदलण्याची. वेल्डिंगने खाच भरून लेथवर घासून घेणं ही चौथी वाट आपल्याकडे सर्रास चालते, आणि मी तिच्या विरोधात आहे. उष्णतेने तिथलं पोलाद बदलतं, चीर तिथूनच सुरू होते आणि घाटात शाफ्ट तुटला तर सेमी-फ्लोटिंगमध्ये चाकच जातं.

किरकोळ गंज पॉलिश पेपरने काढायचा असेल तर पेपर एका जागी धरून शाफ्ट फिरवा. पेपर पुढे-मागे सरकवला की शाफ्टवर बारीक आटे पडतात आणि ते आटे तेल बाहेर पंप करतात. सील बनवणारे इथली घडाई ०.२ ते ०.८ मायक्रॉन एवढी बारीक मागतात. खूप खरबरीत चालत नाही आणि आरशासारखीही नको, कारण ओठाखाली तेलाचा पातळ थर राहावा लागतो.

आता सील

सील घेताना रबर बघा. साधं नायट्रिल साधारण १०० अंशांपर्यंत ठीक. सतत जास्त तापणाऱ्या ॲक्सलला व्हायटॉन घ्या, महाग पण २०० अंशांपर्यंत टिकतं. दुकानाच्या दारात तारेला माळ करून उन्हात टांगलेली सीलं घेऊ नका. ओठावर नख दाबा, खूण लगेच भरून यायला हवी. कडक लागलं तर परत द्या, दुकानदार कितीही ओळखीचा असो.

जुनं सील छन्नीने उचकटताना हाऊसिंगच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पडतात आणि मग तेल सीलच्या ओठातून न येता बाहेरच्या कडेने येतं. हे निदान बहुतेकांच्या हातून सुटतं, कारण ओघळ सारखाच दिसतो. बारीक फाईलने उंचवटे काढा, बाहेर लोखंडी कडा असलेल्या सीलला सीलंटचा अगदी पातळ हात द्या. बाहेरून रबर असेल तर त्याची गरज नाही.

स्प्रिंगची बाजू तेलाकडे. ओठाला ग्रीस लावलेलं हवं, कोरडं सील पहिल्या काही मिनिटांतच जळतं. बसवताना सीलच्या व्यासाएवढा पाइपचा तुकडा किंवा सपाट प्लेट ठेवून सरळ ठोका. एका कडेला हातोडी मारली की ते तिरकं बसतं. शाफ्ट आत घालताना स्प्लाइनला, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या दातांना, प्लॅस्टिक टेप गुंडाळा आणि शाफ्टचं वजन ओठावर पडू देऊ नका. एकट्याने हे करू नका, दुसऱ्याने शाफ्टचं टोक उचलून धरावं.

तेलात भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत बसवण्याची पद्धत आहे. गरम झाले की मुरलेलं तेल पुन्हा वर येतं. दोन्ही बाजूंचे बदला, एकाच बाजूचे नाही.

एवढं करूनही तीच बाजू गळत असेल

मग हाऊसिंग वाकलेलं आहे का ते बघा. जादा भार, उड्या, आणि सगळ्यात जास्त म्हणजे स्प्रिंग वर घेण्यासाठी नळीवर केलेलं वेल्डिंग, यांनी हाऊसिंगची नळी किंचित वाकते. मागचा टायर एका कडेने झिजत असेल तर संशय पक्का. मागच्या दोन्ही टायरमधलं अंतर ॲक्सलच्या पुढे आणि मागे, एकाच उंचीवर मोजा. सरळ ॲक्सलमध्ये ते जवळपास सारखं यायला हवं. शाफ्टचा फ्लँजही, म्हणजे चाक बसतं ती चकती, डायल गेजवर फिरवून बघा, तो वाकलेला असला तरी सील असंच खातो. वाकलेली नळी सरळ करायची तर दोन्ही टोकांत जिग घालून, मोजत मोजतच. हातोड्याने आणि डोळ्याने सरळ करून देणारे भेटतील, त्यांच्याकडे वेळ घालवू नका, चांगलं जुनं हाऊसिंग मिळालं तर ते घ्या.

काम झाल्यावर शंभर-दोनशे किलोमीटरवर रिटेनरचे बोल्ट पुन्हा आवळा, पातळी बघा. सपाट रस्त्यावर, फार ब्रेक न लावता गाडी चालवून थांबवा आणि दोन्ही मागच्या ड्रमजवळ हात नेऊन बघा. एक बाजू स्पष्टपणे जास्त गरम लागली तर प्ले फार घट्ट झालाय, किंवा लायनर घासतोय. चाक हाताने फिरवून त्यातलं कुठलं ते ठरवा, आणि प्ले घट्ट निघाला तर शिम पुन्हा बसवल्याशिवाय गाडी घाटाकडे नेऊ नका.